कोरी माशी

नुसत्या माश्या मारत बसणारे लोक जगात पुष्कळ असतात. ही बाई माश्या सांभाळायची आणि त्याचा पगार घ्यायची. त्यामुळे तिला कोण काय म्हणालं नाही ते विचारा! शेजारीण फाटकातून ओरडायची, ‘‘निघालात का बाळंतपणं करायला?’’ चहाच्या टपरीवरचे म्हणायचे, ‘‘आमच्याकडच्या घेऊन जा की, फुकट देतो.’’ भावाच्या पोरांनी तर तिचं नावच माशीआत्या ठेवलं, आणि ते सगळ्या खोऱ्याने उचललं. तिला त्याचा राग यायचा नाही. यायला हवा होता असं माझं मत आहे, पण माझं कोण ऐकतंय.

काम खरंच विचित्र होतं. सगळं खोरं पेरूच्या बागांचं, आणि पेरूचा वैरी म्हणजे फळमाशी. मादी पिकत्या फळात अंडी घालते. फळ वरून गुळगुळीत, देखणं दिसतं आणि चावा घेतला की आत वळवळ. कितीही औषध फवारा, आज मेली की परवा दुसरी हजर. म्हणून माशी-केंद्राने उलटी तऱ्हा धरली होती. दूरच्या एका कारखान्यात लाखांनी माश्या वाढवायच्या आणि त्या कोषात असतानाच त्यांच्यावर किरण सोडायचे. त्यातून निघालेला नर धडधाकट असतो, उडतो, मादीच्या मागे लागतो, पण त्याच्यापासून काही निपजत नाही. असे नर बागांवर इतके सोडायचे की रानातल्या मादीला दुसरा नवराच मिळू नये. तिने घातलेली अंडी मग पोकळ निघतात, आणि हळूहळू वंशच बुडतो. कागदावर त्यांना ‘निर्बीज नर’ म्हणत. केंद्रात सगळे ‘आपली पोरं’ म्हणत.

ही ‘पोरं’ खोक्यांतून यायची तेव्हा गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष असायची. केंद्राच्या मागच्या खोलीत एक माणूस फिरत्या पिंपात ते कोष गुलाबी पावडरीत घोळवायचा. त्याला सगळे रंगारी म्हणत. नखं, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळा माणूस गुलाबी. रंगवायचं कारण असं की माशी कोष फोडते ती कपाळाने. कपाळावर एक फुगा येतो, त्याने टोपण ढकलून ती बाहेर पडते, आणि मग तो फुगा आत ओढला जातो. जाताना पावडर घेऊन जातो. अंगावरची पावडर पावसाने धुऊन जाईल, कपाळातली जात नाही. पुढे ती माशी सापळ्यात सापडली की जांभळ्या दिव्याखाली धरायची. चमकली तर ‘रंगीत’, म्हणजे आपली. नाही चमकली तर काचेवर तिचं डोकं चिरडून बघायचं. तिथेही रंग नसला तर ती ‘कोरी’, म्हणजे रानातली. कोरी हा शब्द केंद्रात हळू आवाजातच बोलायचे.

माशीआत्याने सुरुवातीला माश्या निघायच्या खोलीत काम केलं. तिथे आंबट वास असायचा, यीस्टचा आणि साखरेचा, आणि तो केसांत बसायचा. जन्मलेल्या माश्या थंड खोलीत नेऊन गुंगवायच्या, कागदी पिशव्यांत भरायच्या आणि गाडीतून बागाबागांवर सोडायच्या. घरी तिच्या उशीच्या अभ्र्यावर कायम गुलाबी डाग. वहिनी ते धुताना पुटपुटायच्या, पण धुवायच्या.

घर भावाचं होतं. आत्याच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडला तेव्हा ती एक पेटी घेऊन भावाच्या दारात येऊन उभी राहिली होती. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत आली होती. दादाने काही विचारलंच नाही. पेटी उचलली, आत नेऊन ठेवली, आणि म्हणाला, ‘‘ठमे, हात धू, जेवायला बस.’’ ठमी हे तिचं लहानपणचं नाव. एवढं झाल्यावर ती त्या माणसासाठी जीव देईल, यात नवल काय?

दादाही तसाच होता, ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. बापाने त्याला जन्मभर ठोंब्या म्हटलं. चार माणसांत म्हटलं, सोयऱ्यांसमोर म्हटलं, शेवटच्या आजारपणातही म्हटलं. माणूस असा वाढला की बोलायला तोंड उघडण्याआधीच ‘जाऊ दे’ म्हणून मिटतो. टपरीवर बाकाच्या कडेला अर्ध्या मांडीवर बसायचा. बाग मात्र त्याने स्वतः लावली होती, आणि झाडांशी बोलताना कधी अडखळायचा नाही.

केंद्राची एक अट होती. माश्या सोडायच्या तर बागेत विषारी फवारणी बंद करायची. विषाला आपली माशी आणि परकी माशी थोडीच कळते? खोऱ्यात कोणी तयार होईना. पिकत्या फळावर फवारायचा पंप खाली ठेवायचा म्हणजे चोराला दार उघडं ठेवून झोपण्यासारखं. आत्याने एक दिवस दादाला सांगितलं, ‘‘दादा, तू पंप ठेव.’’

‘‘तू सांगतेस ना?’’

‘‘मी सांगते.’’

‘‘मग ठेवला.’’

वहिनींनी कपाळावर हात मारला. ‘‘माश्या घालवायला माश्या! उद्या उंदीर झाले की आणखी उंदीर आणा घरात.’’

पहिल्या हंगामात निम्मं फळ किडलं. टपरीवर हसून हसून लोकांची पोटं दुखली. दादा अर्ध्या मांडीवर बसून ऐकत राहिला आणि घरी आल्यावर आत्याला एका शब्दानेही बोलला नाही. दुसऱ्या हंगामात कीड कमी झाली. मग शेजारच्यांनी पंप ठेवले, मग पलीकडच्यांनी. होता होता एक वर्ष असं आलं की सापळ्यांत सगळ्या माश्या रंगीत. खोरं स्वच्छ ठरलं. आता इथला पेरू बाहेरच्या, लांबच्या बाजारात जाऊ शकणार होता, जिथे आजवर खोऱ्याचं नाव ऐकलं की फळं परत पाठवायचे. दादाने नवे क्रेट आणले आणि दोन-दोनदा धुतले. क्रेट नवे होते, धुवायची काही गरज नव्हती.

त्याच सुमारास आत्याला सापळे तपासायचं काम मिळालं होतं. झाडाला टांगलेल्या पिवळ्या डबीत वासाचं आमिष आणि तळाला चिकट कार्ड. आत्या स्कूटरवरून जाऊन जुनी कार्डं काढायची, नवी घालायची आणि जुनी केंद्रात आणून दिव्याखाली बघायची. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती टेबलाशी एकटीच होती. एक कार्ड दिव्याखाली सरकवलं. सगळे ठिपके गुलाबी पेटले. कोपऱ्यातला एक पेटला नाही.

तिने कार्ड फिरवलं. नाही. चिमट्याने माशी उचलली, काचेवर ठेवली, डोकं चिरडलं, भिंगाखाली बघितलं. काही नाही. मग कार्डाच्या मागचा आकडा वाचला. वाचायची गरज नव्हती, तिनेच तो सकाळी लिहिला होता. सापळा दादाच्या बागेतला होता, विहिरीकडच्या झाडावरचा.

आता नियम काय, ते सांगितलं पाहिजे. स्वच्छ खोऱ्यात एक कोरी सापडली की त्या सापळ्याभोवतीच्या बागांतलं एकूण एक फळ उतरवायचं आणि पुरायचं. पिकलेलं, कच्चं, पडलेलं, सगळं. नर सापडला म्हणजे जवळपास मादी असणार, आणि ती कुठल्या फळात अंडी घालून बसली आहे ते कुणाला ठाऊक. दादाच्या फळाचा तोडा चार दिवसांवर आला होता.

खोलीत कोणी नव्हतं. माशी ती केवढी! नखावर घेऊन फुंकली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. आत्या माणूस होती, तिच्या मनात ते आलं. आलं आणि बराच वेळ बसून राहिलं. मग तिने विचार केला की आज फुंकली तर ती मादी इथून शेजारी जाईल, शेजारून पलीकडे जाईल, आणि पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्याच्या पेरूत वळवळ. त्यात दादाचाही पेरू. आणि लोकांनी पंप कुणाच्या शब्दावर ठेवले होते? तिने उठून मॅडमना हाक मारली.

मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख. ताठ बाई, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, आणि बसवलं होतं नेमकं माश्यांच्याच कामावर. त्यांनी भिंगातून बघितलं. रंगाऱ्याला बोलावलं. त्यानेही बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाला. ‘‘कोरीच आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. पण तिथून उत्तर यायला वेळ लागतो, तोवर माशी थांबत नाही. उद्यापासून फळ उतरवा.’’

दादाला हे परक्या कोणी पत्र आणून सांगू नये म्हणून आत्या स्वतः गेली. तो क्रेट रचत होता.

‘‘दादा, विहिरीकडच्या सापळ्यात कोरी आली.’’

‘‘आपल्या?’’

‘‘आपल्या.’’

त्याने हातातला क्रेट खाली ठेवला. ‘‘नीट बघितलंस ना, ठमे?’’

‘‘तीनदा बघितलं. मॅडमनीही बघितलं.’’

‘‘मग झालं तर,’’ तो म्हणाला, आणि रचलेले क्रेट एकेक करून परत आत नेऊ लागला.

वहिनी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘‘एक माशी!’’ त्या दारातून ओरडल्या. ‘‘एका माशीपायी? आणि ती हिलाच सापडायची होती? बाहेरच्या कोणी केलं असतं तर म्हटलं असतं दावा साधला. इथे कुंपणच शेत खातंय!’’ त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत, पण बाकीचं लिहिण्यासारखं नाही. आत्याने सगळं उभ्याने ऐकून घेतलं.

तीन बागा उतरवल्या. हातमोजे घातलेली माणसं आली, काळ्या पिशव्या आल्या, खड्डा खणायला यंत्र आलं. दादाने पहिलं झाड स्वतःच्या हाताने उतरवलं. तोडताना तो देठाजवळ तसाच हलका पीळ देत होता, जसा बाजारच्या फळाला देतात. पिशवीत टाकायच्या फळाला कसला आलाय पीळ! आत्याला ते बघवेना. शेजारचा म्हातारा बागवान खड्ड्याच्या काठावर उभा राहून तिच्याकडे बघून थुंकला, आणि तिने नजर खाली घातली नाही. फळांवर चुना पडला, चुन्यावर माती. शेवटी घराघरातलंही फळ द्यायचं होतं. वहिनींच्या ओट्यावर टोपलीत सात-आठ पेरू होते. ती टोपली उचलायचं काम आत्याकडेच आलं. वहिनींनी पाठ फिरवली आणि नळ जोरात सोडला.

भरपाई मिळाली. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

त्यानंतर महिने गेले, आणि दुसरी कोरी सापडली नाही. एकही नाही. खोऱ्यातल्या बाकीच्या बागांचा पेरू ट्रक भरभरून बाहेर गेला. लोकांना पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, मग लाज वाटली असावी, आणि मग त्यांनी ती लाज निभावायची एक तऱ्हा शोधली. ते म्हणू लागले, तीन बागा गेल्या म्हणून बाकीच्या वाचल्या. टपरीवर दादा आला की बाकावरचे लोक सरकून जागा करू लागले. चहावाला पैसे घेईना. ज्या म्हाताऱ्याची बाग गेली होती, तोही येऊन म्हणाला, ‘‘आपण दोघांनी खोरं राखलं, काय?’’

आणि दादा बदलला. हे आत्याने आधी पाहिलं, कारण ती त्याच्याकडे सारखी चोरून बघायची. तो अर्ध्या मांडीवरून पूर्ण बाकावर आला. वाक्य सुरू केलं की संपवू लागला. जेवताना आपणहून सांगायचा, ‘‘आज पलीकडच्या बागवानाने विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? मी म्हटलं, वाटलं ना! पण माझ्या कुंपणाबाहेर नाही जाऊ दिली मी ती माशी.’’ वहिनी त्याला भाजी वाढत म्हणायच्या, ‘‘आम्ही किंमत मोजली, पण मोजली.’’ आम्ही! एकदा आत्याच्या ताटातही त्यांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढलं.

तिला काय वाटत होतं सांगू? तिला वाटत होतं, सुटले. भावाची बाग आपल्या हातून गेली, पण भाऊ गेला नाही. उलट तो कधी नव्हता एवढा ताठ झाला. बापाने ज्याला ठोंब्या म्हटलं, त्याला आता लोक अहो-जाहो करतात.

मग केंद्राने दादाला बोलावलं. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात माश्या सोडायच्या होत्या, आणि तिथले बागवान पंप खाली ठेवायला तयार नव्हते. पत्रकं वाटून झाली, साहेब लोक भाषणं करून आले, उपयोग शून्य. मॅडम म्हणाल्या, तुम्हीच सांगा त्यांना. दादा आठवडाभर पाण्याच्या टाकीसमोर उभा राहून बोलायची तालीम करत होता. कुठे अडलं की आत्याला हाक मारायचा. ‘‘ठमे, ‘बलिदान’ म्हणू का? फार होतं का?’’

‘‘फार होतं, दादा.’’

‘‘मग ‘बाग दिली’ म्हणतो. तेवढं बरं.’’

आदल्या दिवशी मॅडमनी आत्याला खोलीत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं.

‘‘शहरातून उत्तर आलंय,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ती माशी आपलीच होती.’’

आत्याला आधी समजलंच नाही. ‘‘पण रंग नव्हता. मी डोकं चिरडून—’’

‘‘रंग नव्हता, पण निर्बीज होती. त्यांनी आतून तपासलं. किरण दिलेलीच होती.’’ मॅडमनी चष्मा काढून पुसला. ‘‘त्या महिन्यात पावडर वेळेवर आली नव्हती. होती ती पुरवून पुरवून वापरायला मीच रंगाऱ्याला सांगितलं होतं. काही कोषांना लागली नसणार.’’

‘‘म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘शंका होती. शंकेवर खोरं सोडता येतं का? खरंच रानातली असती तर?’’

तिथे माश्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाची नजर त्या गुलाबी रंगावर इतकी बसली होती, की रंग नाही म्हणजे आपली नाही, यापलीकडे कोणाच्या डोक्यात दुसरं येतच नव्हतं. ज्या दोघांच्या डोक्यात आलं, ते बोलले नाहीत. कुठे माशी शिंकली ते त्यांना त्याच दिवशी ठाऊक होतं, आणि दादा खड्ड्यात पेरू ओतत होता.

‘‘दादाला सांगा,’’ आत्या म्हणाली. ‘‘तुम्ही सांगा.’’

‘‘कशाला?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘सांगून त्यांचा पेरू परत येणार आहे? उद्या ते बोलणार आहेत. आम्हाला कोणालाच जमलं नाही ते त्यांना जमेल. आणि अहो, त्या माणसाला आता कुठे बरं वाटतंय. ते तरी राहू द्या.’’

बाईचं बोलणं निगरगट्ट होतं. चूक होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. आत्याने दार उघडलं आणि तिथून निघाली. मागच्या खोलीत रंगारी पिंप फिरवत होता. ती दिसताच त्याने मान वळवली, आणि तीही थांबली नाही.

त्या रात्री ती झोपली नाही हे वेगळं सांगायला नको. सकाळी दादा अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट. वहिनींनी त्याचे बूटसुद्धा पुसून ठेवले होते. मला विचाराल तर बाईने तेव्हा गप्प बसायला हवं होतं. जीभ चावायची, चहा प्यायचा, गाडीत बसायचं. पण जी बाई स्वतःच्या भावाच्या बागेतली माशी फुंकून टाकू शकली नाही, ती हे गिळणार होती होय? तिला वाटलं, दादा चार लोकांसमोर उभा राहून खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणार, आणि आपण समोर बसून टाळ्या वाजवायच्या, हे दादाला फसवणंच की. खरं सांगायचं तर निम्मं दादासाठी होतं आणि निम्मं स्वतःसाठी. ते ओझं तिला एकटीला एक रात्रसुद्धा पेललं नव्हतं.

‘‘दादा, ती माशी रानातली नव्हती. आपलीच होती. केंद्राची.’’

त्याचा हात थांबला. अर्ध्या गालावर साबण होता. तिने सगळं सांगितलं, पावडरीचं, शहरातून आलेल्या उत्तराचं, मॅडमच्या शंकेचं. भराभर सांगितलं, मध्ये कुठे थांबली तर पुढचं सांगता येणार नाही म्हणून.

‘‘कधी कळलं?’’

‘‘काल.’’

‘‘आणखी कोणाला माहीत आहे?’’

‘‘मॅडमना. रंगाऱ्याला. वहिनींना नाही.’’

‘‘तिला सांगू नको.’’ त्याने उरलेला गाल केला, तोंड धुतलं, शर्ट घातला आणि वरच्या गुंडीपर्यंत लावला. आत्याला वाटलं आता तो म्हणेल, मी जात नाही. ती ते ऐकायला तयार होऊन उभी होती. तो म्हणाला, ‘‘चल. उशीर होईल.’’

पलीकडच्या खोऱ्यातलं सभागृह म्हणजे शाळेचा लांब वर्ग होता. खुर्च्या भरल्या, मागे लोक उभे राहिले. मॅडम पहिल्या रांगेत होत्या, आत्या तिसऱ्या. दादा उठला आणि बोलला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. टाकीसमोर बोलायचा तसंच, उलट जास्त चांगलं. बाग दिली म्हणाला. माझ्या कुंपणाबाहेर नाही जाऊ दिली म्हणाला. आत्या त्याच्या तोंडाकडे बघत होती, कुठे पापणी हलते का, कुठे आवाज अडतो का. कुठेच नाही.

मग मागून एक जाड भिंगांचा बागवान उठला. बेरकी माणूस असावा, किंवा नुसताच भित्रा. ‘‘सगळं खरं,’’ तो म्हणाला, ‘‘पण ती माशी नक्की रानातलीच होती कशावरून? यांच्याच माश्यांतली एखादी नसेल?’’

मॅडम खुर्चीत सावरून बसल्या. दादाने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. त्याने तिसऱ्या रांगेत बघितलं.

‘‘माझ्या बहिणीने स्वतः बघितली,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याच बागेतली होती, लपवायची असती तर लपवली असती तिने. ती खोटं बोलत नाही. ती बघा, तिथे बसलीय. ऊठ, ठमे.’’

ती उठली. काय करणार? सगळा वर्ग मागे वळून तिच्याकडे बघत टाळ्या वाजवत होता, आणि तो भिंगवाला बागवानही वाजवत होता. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग लोक पंप ठेवायचे की नाही यावर आपसांत बोलू लागले, आणि बहुतेक जण ठेवू म्हणाले. मॅडमनी दादाचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले.

परतताना दोघं दादाच्या टेम्पोत होती. घाट चढून संपला. आत्या न राहवून म्हणाली, ‘‘दादा, तुला अंधारात कसं ठेवणार होते मी? खरं होतं ते सांगितलं.’’

‘‘हो,’’ दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ‘‘पेरू गेले तेव्हा मी तुला काही बोललो का? नाही ना? पेरू काय, पुन्हा लागतील. पण हे आता कुठे माझ्याकडे आलं होतं गं.’’

पुढे बैलगाडी होती म्हणून त्याने वेग कमी केला, ती जाऊ दिली.

‘‘तू सांगितलं नसतंस,’’ तो म्हणाला, ‘‘तर मी आज खरं बोललो असतो.’’